ऑर्विल डेंटचं शेवटचं वादन

दत्तप्रसाद हुलावळे यांच्या घरी रविवारी सकाळी जॅझ ऐकायला जायचं, तर दोन गोष्टी आधी माहीत असाव्या लागत. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. आणि रेकॉर्ड संपल्यावर आपण होऊन मत द्यायचं नाही, कारण मत द्यायचं काम हुलावळे करत.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर, एक जर्मन टर्नटेबल आणि तीन भिंती व्यापून उरलेल्या रेकॉर्ड्स. चौथ्या भिंतीला खिडकी होती म्हणून ती वाचली होती. येणारी मंडळी सतरंजीवर बसत. त्यांत एक निवृत्त प्राध्यापक, कॅम्पातले एक पारशी गृहस्थ आणि इंजिनीअरिंगची दोन-तीन मुलं असत. चहा एकदाच मिळे, तोही दोन रेकॉर्ड्सच्या मधे, आणि कप वाजवला तर पुढच्या रविवारी मिळत नसे.

हुलावळ्यांची मतं ठाम होती. मूळ छपाईची रेकॉर्ड तीच खरी, बाकीच्या तिच्या नकला, हे पहिलं. जुन्या ध्वनिमुद्रणांना नवं वेष्टन चढवून कंपन्या पुन्हा बाजारात आणतात त्याबद्दल ते म्हणत, कालचं पिठलं गरम करता येतं, ताजं करता येत नाही. सीडी त्यांना दवाखान्यासारखी वाटे. सगळं स्वच्छ, पण बसवत नाही. सगळ्यांत कडक मत होतं ते अप्रकाशित ध्वनिमुद्रणांबद्दल. कलावंत गेला की त्याच्या कपाटात हात घालायचा आणि सापडेल ते ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचं, ही त्यांच्या लेखी चोरीच होती. माणसाने एखादी गोष्ट बाहेर काढली नाही ती विसरला म्हणून नव्हे, नको होती म्हणून. प्राध्यापकांनी एकदा यावर वाद घालून पाहिला. हुलावळे शांतपणे म्हणाले, “तुमच्या पश्चात तुमच्या शाळेतल्या गणिताच्या वह्या छापू का आम्ही?” तो विषय तिथेच मिटला.

या माणसाला जॅझ कुठून चिकटलं, हे त्यांच्या भावकीतही कुणाला उमगलं नव्हतं. हुलावळे मूळचे हिंजवडीकडचे, शेतीवाले. हा धाकटा मुलगा शिकला आणि चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्याच्या विभागात लागला. सत्तरच्या दशकात एका रविवारी तो जुन्या बाजारात बारीक मापं घ्यायला सेकंडहँड मायक्रोमीटर शोधत हिंडत होता. कॅम्पातली कितीतरी कुटुंबं त्या काळात ऑस्ट्रेलिया-कॅनडाला चालली होती आणि त्यांचं सामान जुन्या बाजारात येऊन पडत होतं. मायक्रोमीटर विकणाऱ्याने घासाघीस थांबवायची म्हणून एक रेकॉर्ड वर टाकली. टूलरूममधल्या एका सहकाऱ्याच्या ग्रामोफोनवर ती लावल्यावर जे ऐकू आलं, त्याने हा तरुण माणूस जागच्या जागी खिळून राहिला. वाजवणाऱ्याचं नाव ऑर्विल डेंट. वाद्य सॅक्सोफोन. एका दमात तो माणूस इतकं लांब वाजवत जाई की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा, आणि आता संपलं असं वाटलं की तिथून पुढे आणखी एक वळण घ्यावं त्याने.

पुढे बाजार खुला झाला आणि कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली. टूलरूम अर्धी झाली. हुलावळ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच बदलाने त्यांचा संग्रह मात्र वाढवला. सोसायटीतली मुलं सॉफ्टवेअरमध्ये लागून अमेरिकेला जाऊ लागली, आणि येताना चॉकलेटं आणि शाम्पूच्या बाटल्यांमध्ये काकांसाठी दोन रेकॉर्ड्स कपड्यात गुंडाळून आणू लागली. डेंटच्या हयातीत निघालेल्या दोन्ही रेकॉर्ड्स मूळ छपाईच्या हुलावळ्यांकडे आल्या. तिसरी निघालीच नाही. ती ध्वनिमुद्रित झाली होती, त्यानंतर थोड्याच दिवसांत डेंट फुप्फुसाच्या विकाराने गेला आणि कंपनीही बुडाली, एवढं जाणकारांना माहीत होतं. त्या तिसऱ्या रेकॉर्डबद्दल कुणी हळहळलं की हुलावळे म्हणत, “बरं झालं नाही निघाली ते.”

हॉल त्यांचा, तशी आतली खोली त्यांच्या पत्नीची. विजयमालाबाई पेटी वाजवत. भजनी मंडळाला साथ करत आणि आजूबाजूच्या मुलींना शिकवत. नवऱ्याच्या रेकॉर्ड्सबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही, कौतुकही केलं नाही. हॉल आणि आतली खोली यांच्यामधलं दार बंद ठेवायचं, हा त्या घरातला जुना करार होता आणि तो दोघंही पाळत.

दोन हजार तीन साली, दिवाळीनंतर, सोसायटीतल्या समर्थने राजनंदिनी वानखडे नावाच्या मुलीला त्यांच्याकडे पाठवलं. समर्थ हा त्या रेकॉर्ड्स आणणाऱ्या मुलांपैकीच, आता पुण्यात परतलेला. राजनंदिनी मूळची यवतमाळची, कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर असलेल्या छोट्या कंपनीत काम करत होती. परदेशातल्या रेकॉर्ड कंपन्या जुन्या टेपांचं ध्वनिमुद्रण संगणकात भरून या कंपनीकडे पाठवत, आणि राजनंदिनी व तिचे सहकारी त्यातली खरखर, टकटक, घूं-घूं काढून ते परत पाठवत.

स्कूटीवरून आलेली ती मुलगी दारात हेल्मेट काखेत धरून उभी राहिली आणि तिने सरळ विषयाला हात घातला. शिकागोच्या एका कंपनीने जुना साठा विकत घेतलाय. त्यात एका वादकाची अप्रकाशित टेप निघालीय. त्यातल्या एका तुकड्यात असा काही आवाज येतो की तो दोष आहे की वाद्य, हे तिला ठरवता येत नाही. साहेबांची परवानगी काढून तिने आवाज सीडीवर आणलाय. काका ऐकतील का?

हुलावळ्यांनी सीडी म्हटल्यावर नाक मुरडलं, अप्रकाशित म्हटल्यावर कपाळाला आठी घातली. मग विचारलं, वादकाचं नाव काय.

तिने नाव सांगितलं.

हुलावळ्यांनी दार पूर्ण उघडलं. त्यांनी बाजूला होऊन तिला आत येऊ दिलं. घरात सीडी प्लेअर नव्हता. समर्थच्या घरून तो आणवला. तो स्पीकरना त्यांनी स्वतः जोडला. टूलरूममध्ये केसाच्या जाडीचं माप हाताने धरलेला माणूस तो. दुसऱ्या कुणाला त्यांनी तारेला हात लावू दिला नाही.

पहिला तुकडा सुरू झाला आणि ते सतरंजीवर बसले ते बसलेच. तो डेंटच होता. इतक्या वर्षांत ज्या दोन रेकॉर्ड्स त्यांनी पाठ केल्या होत्या, त्यांतलाच तो जाड, उबदार, किंचित ओलसर आवाज. पण इथे तो बदलला होता. त्या लांबच लांब ओळी इथे नव्हत्या. माणूस तीन-चार सूर वाजवून थांबत होता. थांबून पुन्हा सुरू करताना मात्र अशा ठिकाणाहून करत होता की मधली राहिलेली वाट ऐकणाऱ्याला आपोआप दिसावी. दम संपत आलाय आणि त्यामुळे हा माणूस फक्त अगदी लागतील तेवढेच सूर घेतोय, हे हुलावळ्यांच्या ध्यानात आलं. चार तुकडे असे झाले. चौथ्याच्या शेवटी एक सूर मधेच विरून गेला, फुंकर अर्धवट राहिल्यासारखा.

पाचव्या तुकड्यात सॅक्सोफोन नव्हताच. पियानो, बास आणि ड्रमवर हलक्या हाताने फिरणारे ब्रश. साथ होती, मुख्य वादक नव्हता. आणि त्या साथीच्या वर, अगदी कानाजवळ असल्यासारखी, एक बारीक टकटक. कधी दाट, कधी विरळ.

“हेच ते,” राजनंदिनी म्हणाली. “मी तीन आठवडे हेच ऐकून राहिले, काका. शिकागोवाले म्हणतात, वादक खोलीबाहेर गेला असेल, साथवाले उगाच वाजवत बसले असतील. टकटक काढा, नुसता पियानो चांगला वाटला तर देऊ, नाहीतर सोडून देऊ. पण टेपवर अशी टकटक नसते. ती रेकॉर्डवर असते, धुळीने. टेपची आपली खरखर असते.”

हुलावळ्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आपल्या नेहमीच्या सुरात मत दिलं. मायक्रोफोनजवळ कुणाची तरी खुर्ची हलत असेल, नाहीतर कुणी अंगठी वाजवत असेल. रिकामी साथ आहे ती, तालमीची. काढून टाका टकटक, तुकडाही काढून टाका. चार तुकडे आहेत तेच खूप झाले.

राजनंदिनीने मान डोलावली. तिच्या बॅगेत दुसरी सीडी होती, टकटक काढून साफ केलेल्या आवाजाची. आलेच आहे तर तीही ऐकून घ्या, म्हणाली.

साफ केलेला तुकडा वाजू लागला आणि हुलावळे अस्वस्थ झाले. आवाज लख्ख होता, पियानोचा एकेक सूर वेगळा ऐकू येत होता, तरी त्यात काहीतरी चमत्कारिक होतं. पियानोवाला दोन सूर वाजवून थांबे, मग पुन्हा दोन. ब्रश मधेच हळू होत, मधेच वर येत. समोर बोलणारा कुणी नसताना एखादा माणूस ‘हं, हं’ करत बसावा, तसं ते वाटत होतं. मघाशी, टकटक असताना, तसं वाटलं नव्हतं. हे त्यांनी राजनंदिनीला सांगितलं नाही. उद्या दुपारी पुन्हा ये, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती येण्याआधीच त्यांनी मूळचा, न धुतलेला तुकडा लावला होता, आवाज वाढवून. राजनंदिनी आली, बसली. तिसऱ्यांदा तो तुकडा सुरू केला तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं. इतक्या वर्षांत रेकॉर्ड चालू असताना ते दार उघडल्याचं हुलावळ्यांना आठवत नव्हतं.

विजयमालाबाई उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. तुकडा संपल्यावर त्यांनी विचारलं, “कोण वाजवतंय हे?”

हुलावळ्यांनी पियानोवाल्याचं नाव सांगितलं.

“तो नव्हे. तो पुढचा. भाता न हलवता वाजवतोय तो.”

कुणालाच काही समजलं नाही. विजयमालाबाईंनी दोघांना आत बोलावलं. पेटीसमोर त्या बसल्या आणि भाता मिटूनच ठेवला. शेजारच्या घरातला मुलगा कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करून दिवसा झोपत असे. त्याची झोप मोडू नये म्हणून वर्षभर त्या दुपारचा रियाज अशाच करत होत्या, नुसत्या बोटांचा. त्यांनी पेटीवर बोटं ठेवली आणि वाजवायला सुरुवात केली. सूर उमटत नव्हता, पट्ट्या दाबल्या-सुटल्याचा तेवढा आवाज होत होता. टकटक, टक, टकटकटक. काही क्षणांनी हुलावळे चमकले. मंडळाच्या भजनाच्या शेवटी म्हणतात तो अभंग होता तो. एकही सूर न वाजता त्यांना तो ओळखू आला होता.

“तसंच आहे ते,” विजयमालाबाई म्हणाल्या. “वाजवणाऱ्याची बोटं आहेत ती. खुर्ची अशी वाजत नाही.”

हुलावळे उभेच होते. त्यांच्या डोक्यात टूलरूमचा जुना माणूस जागा झाला. सॅक्सोफोनच्या नळीला भोकं असतात, भोकांवर चामड्याच्या गादीची झाकणं. बोटाने कळ दाबली की झाकण भोकावर आपटतं. न फुंकता दाबली तरी आपटतं, आणि आतली पोकळ नळी त्या धक्क्याने किंचित वाजते. जितकी भोकं बंद, तितकी नळी लांब आणि आवाज खाली. माठात पाणी भरत जावं आणि टिचकीचा आवाज बदलत जावा, तसा. म्हणजे त्या टकटकीत सूर असलेच पाहिजेत. बारीक असतील, पण असतील.

ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “तो बाहेर गेला नव्हता.”

राजनंदिनीचे डोळे मोठे झाले. ती तशीच उठली, कंपनीत जाऊन संगणक घेऊन येते म्हणाली आणि स्कूटीवरून निघून गेली. बिबवेवाडी ते कोथरूड आणि परत, संध्याकाळच्या गर्दीच्या आत ती आली. पायाशी संगणक होता, आणि मागे, जाताना सोबत घेतलेला समर्थ त्याचा जड मॉनिटर मांडीवर धरून बसला होता.

आवाज साफ करणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. काय काढून टाकलं, तेवढंच वेगळं ऐकता येत असे, चुकून कामाचं काही गेलं नाही ना हे पाहायला. रोज तिचा वापर ती क्षणभर करून बंद करत असे. आज तिने ती चालू ठेवली, आवाज वाढवला, संगणक स्पीकरना जोडला आणि सुरू केलं.

पियानो गेला, बास गेला, ब्रश गेले. खोलीत उरली नुसती बोटं. चाळीस वर्षांपूर्वी शिकागोतल्या कुठल्याशा खोलीत, गळ्यात वाद्य अडकवून बसलेल्या माणसाची बोटं, आता बिबवेवाडीच्या हॉलमध्ये, हाताच्या अंतरावर असावीत अशी. टुप, टुप-टुप, टप. प्रत्येक आवाज वेगळ्या उंचीचा. आणि मधे मधे श्वास. नाकाने घेतलेला, आखूड, कष्टाचा. श्वास आला की बोटं थांबत, आणि श्वास आवरला की पुन्हा चालू लागत. जो श्वास वाद्यात घालायला पुरत नव्हता, तो नुसता जगण्यापुरता घेत तो माणूस वाजवत होता. त्याने वाजवायचं सोडलं नव्हतं. फुंकणं तेवढं सोडलं होतं.

हुलावळ्यांनी आयुष्यात हजारो ध्वनिमुद्रणं ऐकली होती. त्यांना प्रत्येकाबद्दल काहीतरी म्हणता येत असे. यावर त्यांना काहीही म्हणता येईना. देवळात अचानक घंटेचा नाद थांबल्यावर गाभाऱ्यात जे उरतं, त्याच्यासमोर उभं असल्यासारखं त्यांना वाटलं. आपण काल हे पुसून टाकायला सांगितलं होतं, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी खोलीत चालू होतं. समर्थ एका तारेचं टोक हातात धरून तसाच उभा होता. राजनंदिनीने माउस सोडून दिला होता.

तुकडा संपला तेव्हा विजयमालाबाई म्हणाल्या, “पुन्हा लाव बाळा. आणि माझी पेटी बाहेर आणा.”

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस हॉलमध्ये तेच काम चाललं. राजनंदिनी दोन-चार सेकंदांचा आवाज वाजवी, विजयमालाबाई कान लावून सूर शोधत, पेटीवर धरून बघत, नाही म्हणत, दुसरा धरत. बासच्या सुरावरून कुठली पट्टी आहे ते त्यांना लगेच कळलं होतं. जिथे दोन सूर एकमेकांत मिसळत तिथे हुलावळे आपल्या ओळखीच्या दोन रेकॉर्ड्सवरून सांगत, की असा वळला की हा माणूस खाली येतो, वर जात नाही. कधी त्यांचं खरं निघे, कधी बाईंचं. इतक्या वर्षांत नवराबायको संगीतावरून एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. राजनंदिनीला गंमत वाटली ती वेगळीच. काका, म्हणाली, तुम्ही दोघं भांडता तेव्हाही एकाच पट्टीत भांडता.

शेवटी एका संध्याकाळी धून पूर्ण झाली. शेजारचा मुलगा कामाला गेला होता. विजयमालाबाईंनी भाता ओढला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती वाजवली, मागे संगणकावर डेंटच्या माणसांची साथ चालू ठेवून. आणि काय नवल, पियानोवाल्याचे ते दोन-दोन सूर, ते मधेच थांबणं, ब्रशांचं हळू होणं, सगळं आपापल्या जागी बसलं. ‘हं, हं’ करणाऱ्यासमोर आता बोलणारा होता. धून संथ होती, लांब होती. एका ओळीतून दुसरी निघावी, संपली असं वाटावं आणि तिथून आणखी एक वळण घ्यावं तिने. कुठल्याच फुप्फुसाला पेलणार नाहीत इतक्या लांब ओळी होत्या त्या. फुंकण्याचा प्रश्न संपल्यावर ऑर्विल डेंटने त्याला हव्या तेवढ्या लांब ओळी वाजवल्या होत्या. हुलावळ्यांनी डोळे पुसले, कुणापासून न लपवता.

राजनंदिनीने सगळं शिकागोला कळवलं, पेटीवरच्या धुनेचं ध्वनिमुद्रणही पाठवलं. पलीकडून बरेच दिवस उत्तर आलं नाही. तिच्या साहेबांना वाटलं, आपण नसता उपद्व्याप केला. मग उत्तर आलं. त्या दिवशीच्या चौघांपैकी एकटा ड्रमर हयात होता, ऐंशी उलटलेला, वृद्धाश्रमात. कंपनीच्या माणसांनी जाऊन त्याला विचारलं होतं.

त्याने सांगितलं की चार तुकडे झाल्यावर डेंटचा दम पूर्ण गेला. पण वाद्य गळ्यातून काढायला तो तयार होईना. त्याने मान हलवून लय दिली आणि वाजवा म्हणून खूण केली. काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाला वाटलं, हा विसावा घेतोय. म्हातारा म्हणाला, आम्हाला मात्र त्याची बोटं दिसत होती. आम्ही बोटं बघून साथ केली. तो काय वाजवतोय ते आम्हाला दिसलं, ऐकू आलं नाही. पियानोवाला मरेपर्यंत ती धून शोधत होता. इतक्या वर्षांत याबद्दल मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. एवढं बोलून म्हाताऱ्याने विचारलं होतं, ती धून तुमच्याकडे आहे म्हणता, ती मला ऐकता येईल का? आणि रेकॉर्ड केलेली नको, म्हणाला होता. वाजवणारी बाई आहे ना? मग तिलाच वाजवू द्या.

कंपनीने पाचवा तुकडा टकटकीसकट, जसा आहे तसा, प्रसिद्ध करायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी तो तसाच निघालाही. पण त्याआधी ही भेट झाली. कोथरूडच्या त्या बंगल्यात, इंटरनेटवरून, पुण्यातली संध्याकाळ आणि तिथली सकाळ गाठून. विजयमालाबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. पेटी हुलावळ्यांनी रिक्षातून आपल्या मांडीवर आणली. टेबलावर मायक्रोफोन होता, स्पीकर होता आणि स्पीकरमधून खोकण्याचा आवाज येत होता.

राजनंदिनीने इंग्रजीत ओळख करून दिली. पलीकडचा म्हातारा थकलेल्या आवाजात काहीतरी पुटपुटला. बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी भाता ओढला.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. हुलावळ्यांना वाटलं, फोन तुटला. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे धून थोडी थबकते तिथे, स्पीकरमधून एक अगदी मऊ आवाज आला. तळहात घासल्यासारखा, पांघरुणावरून बोटं फिरल्यासारखा. मग पुन्हा. मग एका चालीत. म्हातारा आपल्या पलंगावर बसून, हाताशी असेल त्या कापडावर, ब्रशाची साथ करत होता. अर्ध्या जगावरून यायला आवाजाला वेळ लागत होता, त्यामुळे तो किंचित मागे पडे. विजयमालाबाईंनी एकदाच कान टवकारले आणि स्वतःची लय सैल केली, त्याला गाठता यावं म्हणून. पुढच्या ओळीला दोघं एकत्र होते.

हुलावळे भिंतीला टेकून उभे होते. ज्याला ती बोटं दिसली होती तो माणूस पलीकडे, आणि त्या बोटांची धून अलीकडे, आणि मधे एक काळी तार. 

धून संपली तरी पलीकडची साथ थांबली नाही. विजयमालाबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या.